डाव्या हाताखाली
आमचे बिशप म्हणजे इथल्या अर्लचे, बड्या उमरावाचे, धाकटे भाऊ. पद मिळालं ते घराण्याच्या वजनावर. चर्चमध्ये दृढीकरणाला, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला, तीनशे जण जमलेले, म्हणून ते दोन्ही हातांनी दोघांना एकदम आशीर्वाद देत होते. डावा हात डोक्यावर पडला की मुलगी बिनलग्नाची राहते, अशी आमच्याकडची समजूत. डाव्या हाताखाली आलेली केझाया झटकन मागे सरकली. “नको सरकार! महिन्यावर लग्न आलंय माझं.” “बावळट! दोन्ही हात बिशपांचेच ना?” सहायक पाद्री खेकसला. “मग तुम्हीच घ्या डावा. तुमचंही अजून जमायचंय,” तिची आजी म्हणाली. पाद्री लाजला. बिशप विग सांभाळत हसले आणि त्यांनी डावा हात पाठीमागे नेला. “अर्लसाहेबांना कळवा, जेवायला थांबू नका. आज एकेकालाच घेणार.” शेवटच्या माणसापर्यंत तो उजवा हात थरथरायला लागला होता, पण त्यांनी तो बदलला नाही.