जेटीचा उतार

जेटीच्या उतारावर गाडी लावून श्रीरंग फेरीबोटीची वेळ विचारायला गेला. एसीसाठी इंजिन चालूच होतं. दापोलीपासूनच्या वळणांनी त्याच्या आईला मळमळत होतं, म्हणून त्या पुढे बसल्या होत्या. मागे दोन वर्षांची रेवा झोपली होती. मुक्ता सासूबाईंसाठी समोरच्या टपरीवर लिंबूसरबत घ्यायला उतरली.

ग्लास घेऊन ती वळली, तर गाडी हलत होती.

आधी तिला वाटलं, श्रीरंग परत आला असेल. पण ड्रायव्हरची जागा रिकामी होती. गाडी हळूहळू खाडीकडे निघाली होती आणि खाली भरतीचं पाणी चढत होतं. मुक्ता धावली. मागच्या दाराला तिचा हात लागला आणि निसटला.

आत सासूबाई उजवीकडे झुकल्या. आयुष्यात कधी गाडी न चालवलेल्या त्या बाईंनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं आणि जीव खाऊन आपल्याकडे ओढलं. गाडी डावीकडे वळली, जांभ्या दगडाच्या बांधावर आदळली आणि थांबली. पाणी तिथून हातभर अंतरावर होतं.

श्रीरंग धापा टाकत आला. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, तरी आईची मूठ सुटेना. बोटं पांढरी पडली होती.

"आई, सोड आता. थांबली गाडी."

पाण्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "आधी पोरीला उतरव. मग सोडते."