तिसरा आग्रह

पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ल्हादेनने रीतीप्रमाणे नको म्हटलं.

प्राचार्य राब्ग्ये तिला कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटले होते. पर्यटन आणि पाहुणचार शिकवणाऱ्या पारोच्या त्या कॉलेजात शाश्वत पर्यटनाचा स्वतंत्र विभाग निघणार होता. त्याचं प्रमुखपद तिने घ्यावं, असं ते म्हणाले. ल्हादेनने तोंडावर हात धरला, मान खाली घातली. आपण कुठल्या एवढ्या लायक, एखाद्या तरुणाला द्या, असं काहीसं पुटपुटली. प्राचार्य हसले, बरं बरं म्हणाले आणि उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून संत्र्यांची करंडी घरी आली.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "आग्रह सुरू झाला."

पेन्जोर सफरचंदाच्या झाडांची छाटणी करून नुकताच आला होता. संत्रं सोलत म्हणाला, "हवंय ना तुला ते पद? मग हो म्हणून मोकळी का झाली नाहीस?"

हवं तर होतंच. बुमथांगमधल्या एका गावात तिने घरोघरी बसून पाहुण्यांची पाळी लावून दिली होती. एका वेळी थोडेच पाहुणे, प्रत्येक घराला आपली पाळी, म्हणजे जंगलातलं सरपण पुरतं आणि कोणा एकाचंच घर भरत नाही. तिचे विद्यार्थी तिथे राहून शिकत. कॉलेजातल्या बऱ्याच जणांना ही नसती उठाठेव वाटायची. मुलांना मोठ्या हॉटेलांत पाठवा, म्हणायचे. पुढच्या वसंतात ती निवृत्त होणार होती. प्रमुखपद मिळालं तर आणखी काही वर्षं हातात होती. नाही मिळालं तर तिच्यामागे ते काम बंद पडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पण एकदम हो म्हणायचं म्हणजे वाढणाऱ्याच्या हातातला डाव हिसकावून घ्यायचा.

वर्गात ती हेच शिकवायची. आपल्या माणसाचं पहिलं नको सोडून द्यायचं, दुसरं हसून ऐकायचं, तिसऱ्यांदा मात्र ताटात वाढायचं. परदेशी पाहुण्याचं पहिलंच नको खरं धरायचं, नाहीतर बिचारा आपल्या मिरच्या खाऊन रडेल. मुलं हसायची.

"पण लोपेन," गुरूला म्हणतात तशी हाक मारत मागच्या बाकावरच्या योझेरने एकदा विचारलं, "यजमान तिसऱ्यांदा आलाच नाही तर?"

"तर पाहुण्याने घरी जाऊन जेवावं," ती म्हणाली. वर्ग पुन्हा हसला. ती फळ्याकडे वळली, पण पुढचं काय लिहायचं ते तिला चटकन आठवेना.

दुसऱ्यांदा विचारलं ते प्राचार्यांच्या घरी, जेवताना. लाल भात होता, मिरची-चीजची भाजी होती. जिगदेलही आला होता. एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आता परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला. तो तिच्याहून खालच्या बाजूला बसला आणि दोन्ही हातांनी तिच्या पेल्यात लोण्याचा चहा ओतत राहिला. प्राचार्यांनी विषय काढला. ल्हादेनने ताटावर हात आडवा धरला, तशीच पदालाही नको म्हणाली. जिगदेल आहे की, नव्या दमाचा, शिकून आलेला. जिगदेलचे कान लाल झाले. प्राचार्यांचे खांदे जरा सैल पडले, आणि त्यांनी बायकोला ल्हादेनला आणखी वाढायला सांगितलं.

परतताना पेन्जोर वाटेत थांबला. मग म्हणाला, "पद म्हणजे भात नव्हे. तिसऱ्यांदा पातेलं घेऊन कोणी येईलच असं नाही."

"राब्ग्ये माझ्याबरोबर एकाच वर्गात शिकला. रीत त्याला माहीत आहे."

त्यानंतर दिवसामागून दिवस गेले आणि कोणीच काही विचारलं नाही. जिगदेल मात्र वरचेवर यायला लागला. बुमथांगला आधी कोणाला भेटायचं, पाळी कोण ठरवतं, भांडण झालं तर कोणाचं ऐकतात, सगळं खोदून खोदून विचारायचा. ल्हादेनने त्याला जवळ बसवून शिकवलं. आपल्या हाताखाली असा माणूस हवाच, असं तिला वाटलं. तरी ती रोज प्राचार्यांच्या निरोपाची वाट बघे. एकदा ती प्राचार्यांच्या दारापर्यंत गेली, आपणच आत जाऊन हो म्हणावं म्हणून. पडद्याला हात लागला आणि लाज वाटून ती मागे फिरली.

मग एका सकाळी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पेन्जोरने तिच्या खांद्यावरचं समारंभाचं उपरणं दोनदा नीट केलं. आत टेबलावर अभिनंदनाला गळ्यात घालायच्या पांढऱ्या रेशमी पट्ट्यांच्या, खादरांच्या, घड्या होत्या. जिगदेल नवा घो, पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा झगा, घालून पुढच्या रांगेत बसला होता. ती आत येताच तो उठून उभा राहिला आणि खूप खाली वाकला. तिने हसून त्याला बसायची खूण केली.

प्राचार्य तिच्याकडे वळले. "ल्हादेन-ला, आता सगळ्यांसमोर विचारतो. हा विभाग तुम्ही सांभाळता का?"

सवयीने हात तोंडाकडे गेला. तिने तो खाली घेतला.

"इतका आग्रह आहे, तर नाही कसं म्हणू? सांभाळते."

टाळी वाजली नाही. प्राचार्यांनी जिगदेलकडे पाहिलं, जिगदेलने जमिनीकडे. मग राब्ग्ये तिच्या अगदी जवळ आले आणि वर्गात असताना बोलायचे तसे हळूच म्हणाले,

"ल्हादेन, त्याची नेमणूक गेल्याच महिन्यात झाली. थोरल्याला तीनदा विचारल्याशिवाय धाकट्याला वाढत नाहीत, म्हणून आपलं विचारलं."