मावशींची जागा

घशाच्या ऑपरेशननंतर शिवणकाम करणाऱ्या मावशींचा आवाज कायमचा गेला, तरी त्या दर रविवारी चर्चच्या गायनमंडळात आपल्या जागी उभ्या राहून ओठ हलवायच्या. “मावशी, जागा कशाला अडवता? मागे बसा,” गायनमास्तर एकदा चारचौघांत म्हणाले. मावशी शेवटच्या बाकावर गेल्या. तिथेही प्रत्येक गीताला उभ्या राहू लागल्या. मास्तरांना ते सलायचं, पण माफी मागणं आजचं उद्यावर जायचं. मग मास्तरांची तरणीताठी लेक तापाने गेली. पुढच्या रविवारी त्यांच्या तोंडून स्तुतीचा शब्द फुटेना. देवाशी अबोला धरून ते मागे जाऊन बसले. मावशींनी सरकून जागा दिली. “माझं चुकलं, मावशी,” ते पुटपुटले. मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गीत सुरू होताच त्या उठल्या. इतक्या जवळून मास्तरांना पहिल्यांदाच ऐकू आलं: मावशींचा नुसता श्वास तालात गात होता.