सायलेन्सरमधला बोळा

आईची जुनी स्कूटर मी हौसेने दुरुस्त करायला घेतली. इंजिन उघडून साफ केलं, रंग दिला, तरी ती सुरू होईना. शेवटी सायलेन्सर काढला, तर आत कापडाचा घट्ट बोळा निघाला. आईने तो उलगडला. बाबांच्या चौकड्यांच्या शर्टाची बाही होती. “इंजिन गेलंय म्हणाला होतात ना?” तिने बाबांना विचारलं. स्कूटर बंद पडली म्हणून तिची लांबच्या छापखान्यातली नोकरी सुटली होती. बाबांनी पेपर खाली ठेवला. “पोरं लहान होती. सांगून तू ऐकलं नसतंस.” “आणि मी इतकी वर्षं स्कूटरलाच नावं ठेवत बसले!” ती कडाडली. मग मला म्हणाली, “बसव सायलेन्सर.” मी बसवताच तिने किक मारली. दातओठ खाऊन पुन्हा मारली. इंजिन धडधडलं. बाबा जवळ येऊन काहीतरी समजावू लागले. तिने अ‍ॅक्सिलरेटर कचकचून पिळला.