पाचवीचा वरवंटा

वजनकाटा सतरा किलोवरच अडला होता. बेटावर जाणाऱ्या छोट्या विमानात पंधराच किलो चालतात, म्हणून मुलाने आईची बॅग उपसली. डिंकाचे लाडू, बाळाची कुंची, आणि तळाशी, लुगड्याच्या घडीत तान्ह्यासारखा निजवलेला वरवंटा.

“आई, दगड कशाला?”

“मग पाचवीला काय तुझं डोकं पुजू?”

सगुणाबाईंनी लेकीला फोन लावला. रेखा बेटावर नर्स होती, तिचे दिवस भरत आले होते. “रेखे, तिकडं एक दगड मिळू नये?”

“नाही गं. सगळी भुई पोवळ्याची. समुद्रातल्या बारक्या जिवांनी बांधलेली.”

इवल्या जिवांनी भुई रचली, वर माणसं नांदली. सगुणाबाई ऐकतच राहिल्या. मग त्यांचा आवाज हलका झाला. “चहूकडून पाणी. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येईल का गं तिथं?”

“इथल्या लेकरांनाही नशीब आहेच की, आई. कुणीतरी लिहीतच असेल.”

सगुणाबाईंनी वरवंटा उचलून घरीच ठेवायला मुलाच्या हाती दिला.

“मग तिथली एखादी जाणती म्हातारी गाठून ठेव,” त्या लेकीला म्हणाल्या. “कोण लिहितं, ते मला विचारायचंय.”