हिमनदीवर सहा कांदे

हिमनदीपर्यंतचा ट्रेक सहा दिवसांचा. म्हणून अमळनेरहून निघताना, ऊन लागू नये म्हणून मायनं दिवसाला एक असे सहा कांदे दिले. एक खिशात कोंबला, पाच सॅकमध्ये.

"माय, तठे बरफ शे. ऊन कसं लागी?"

"भर मे महिनामा घरना बाहेर चालना तू. मन्ही आन शे तुले, कांदा काढू नको."

पायथ्याच्या गावात वाटाड्यानं प्रत्येकाची सॅक तोलली. माझी अर्धा किलो जास्त भरली.

"काहीतरी काढा, नाहीतर इथंच थांबा," तो म्हणाला.

मी पाचही कांदे बाहेर काढले. मग मायची शपथ आठवली. कांदे परत आत ठेवले आणि जाड स्वेटर त्याच्या हवाली केला.

पाचव्या दिवशी हिमनदी दिसली. बाकीचे "वा, वा" करत होते. माझे दात एवढे वाजत होते की मला तेही म्हणता आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा अमळनेरात पंचेचाळीस डिग्री होतं आणि मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतो. नाक बंद, आवाज बसलेला, अंगात ताप. शेजारच्या इंदूअक्का बघायला आल्या. मायनं माझ्या जॅकेटच्या खिशातून गोठून मऊ पडलेला कांदा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"सर्दी व्हयनी, ताप उना, बठ्ठं व्हयनं," ती अभिमानानं म्हणाली. "पन सांग अक्का, ऊन लागनं का?"