निकिताच्या लेन्स

निकिता गेली त्याला चार महिने झाले, तरी रामहरी रोज सकाळी पोरीच्या कॉन्टॅक्ट लेन्स पेरॉक्साइडच्या औषधात बुडवायचा. डबीत बुडबुडे उठले की घड्याळ बघायचा. सहा घंट्यांच्या आत लेन्स घातली तर डोळा भाजतो, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

त्याच्या बायकोला, दैवशालाला, राहवलं नाही. “आता कोण घालणार हाय त्या?”

“पोरीचे डोळे दान केलेत न्हाई का आपण? ज्याला बसवले त्याला तिचाच नंबर लागला असंल. हुडकत आला तर?”

ते डोळे कुणालाच बसवता आले नाहीत, हे सांगणारा दवाखान्याचा फोन दैवशालानंच घेतला होता.

“औषधाची बाटली सरत आली,” ती म्हणाली. “परभणीहून दुसरी आणा.”